थर क्रमांक एक: बसलेला म्हातारा

"काका, खुर्ची उचला."

"नाही उचलत."

"हात जोडून सांगतोय."

"जोडलेस ना? आता सोड. खुर्ची नाही उचलणार."

हे इंजिनिअर तारांतो आणि माझा आजा लिबोरियो. सकाळी आठ वाजता, सान व्हितोच्या चौकात, एका खुर्चीच्या दोन बाजूंना उभे. इंजिनिअरच्या मागे खोदायचं मशीन, मशीनमागे सहा मजूर. आज्याच्या मागे कुणी नाही. फक्त मी, पण मला कुणी मोजत नाही.

खुर्ची साधीच. लाकडाची, बसायला गवताची वीण, एक पाय आखूड, म्हणून त्याखाली सिगारेटचं दुमडलेलं पाकीट. चौतीस वर्षं ती त्याच जागी आहे, गाडी लावायची जागा धरून. आमच्याकडे गाडी नाही. कधीच नव्हती. आज्याला चालवताही येत नाही. पण गाडी काय, कधीही घेता येते, जागा एकदा गेली की गेली, असं त्याचं म्हणणं.

आता कुणी म्हणेल, सहा मजूर आणि एक मशीन, एवढीशी खुर्ची उचलायला कितीसा वेळ? असं म्हणणारा आमच्या गावचा नाही. आमच्याकडे रस्त्यावर ठेवलेली दुसऱ्याची खुर्ची कुणी उचलत नाही. चर्चमधली दानपेटी एकदा गेली. पोलिसांची मोटरसायकल दोनदा गेली. खुर्ची आजवर एकही गेलेली नाही. खुद्द इंजिनिअर तारांतोच्या दारात त्याच्या सासूचं इस्त्रीचं टेबल जागा धरून उभं असतं. मशीनवाल्याने तर तोंडावर सांगितलं, "साहेब, तुम्ही म्हणाल तर चर्च पाडतो. खुर्चीला हात लावणार नाही. मला उद्या ह्याच गल्लीत गाडी लावायचीय."

म्हणजे खुर्ची मालकानेच उचलायला हवी होती, आणि मालक उचलत नव्हता.

पालिकेचा ठराव असा होता, की चौकाखाली तीन मजली वाहनतळ होणार. दोनशे बारा गाड्या. वरती कारंजं. भोवतालच्या रहिवाशांना 'नवजीवन योजनेत सामावून घेण्यात येईल.' नवजीवन म्हणजे रेल्वेच्या रुळांपलीकडच्या इमारती. आज्याच्या वाट्याला चौथा मजला आला होता. चौथ्या मजल्यावर खुर्ची ठेवायला रस्ता नसतो. तिथे म्हातारे टीव्हीकडे तोंड करून बसतात, आणि एक दिवस नुसता टीव्हीच चालू असतो. आमच्या गल्लीतले तिघं असेच गेले. आज्याला ते माहीत होतं. मलाही.

"उद्या पुरातत्त्वाच्या बाई येतायत," इंजिनिअर म्हणाला. "त्या उत्तरेकडच्या आहेत. त्यांना खुर्चीबिर्ची कळत नाही. सरळ उचलतील."

"येऊ दे," आजा म्हणाला. आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसला.

आमच्या गावात जमिनीत कोपरभर खणलं की रोमन लागतात. हा कायद्याचा नाही, मातीचा दोष आहे. पण कायदा मातीहून वाईट. काहीही बांधायच्या आधी पुरातत्त्व खात्याने खणून बघायचं असा नियम आहे. समोरच्या कॉफीच्या दुकानवाल्या नुन्झिया मावशीने अकरा वर्षांपूर्वी संडास दुरुस्तीला काढला होता. तिथे अजून दोरी बांधलेली आहे, आणि गिऱ्हाइकं न्हाव्याकडे जाऊन येतात.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. डॉक्टर लुदोविका. हातात पेटी, पेटीत नंबरांचे बिल्ले, एक ते पाचशे. डॉक्टर म्हटल्यावर नुन्झिया मावशीने आधी गुडघा दाखवला. बाईंनी वाकून नीट बघितला.

"मला दोनशे वर्षांपेक्षा नव्या गोष्टीतलं काही कळत नाही," त्या म्हणाल्या.

"मग अजून थोडी थांबते," मावशी म्हणाली आणि कॉफी ठेवायला गेली.

इंजिनिअरने लगेच खुर्चीकडे बोट केलं. "एवढी उचलता का, बाई? वर आमचे एक काका आहेत, तेही."

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने चर्चमध्ये बिडी पेटवली होती. "आमच्या कामाची पद्धत असते," त्या म्हणाल्या. "जे सगळ्यात शेवटी आलं ते सगळ्यात आधी काढायचं. पण काढायच्या आधी त्याला नंबर द्यायचा, त्याचं चित्र काढायचं, फोटो काढायचा, तक्ता भरायचा. नंबराशिवाय इथली काडीसुद्धा हलणार नाही."

आणि त्या गुडघ्यांवर बसल्या. डांबर झालं थर क्रमांक एक. डांबरात रुतलेली बियरची बुचं, क्रमांक दोन. गटाराचं झाकण, तीन. कुत्र्याने केलेली घाण, चार. तिचं चित्र दोन बाजूंनी, मोजपट्टी शेजारी ठेवून. तीन दिवसांत चाळीस नंबर झाले. आजा खुर्चीत बसून बघत होता. चौथ्या दिवशी मी बाईंच्या खांद्यावरून त्यांचा नकाशा पाहिला. सगळा चौक बारीक रेघांनी भरलेला होता, आणि मधोमध आज्याच्या आकाराची एक पांढरी जागा. तिच्यात लिहिलं होतं: अडथळा.

माझं डोकं फिरलं. माझं डोकं लवकर फिरतं. शाळा त्याच्यामुळेच सुटली, पण तो वेगळा विषय.

"अडथळा? बुचाला नंबर देता, कुत्र्याच्या घाणीला नंबर देता, आणि माझा आजा अडथळा? तो काय आकाशातून पडला? डांबराच्या वर बसलाय ना? डांबराच्या नंतर आला ना? मग पहिला थर तो! द्या त्याला नंबर!"

मी टोमणा मारला होता. आमच्या गावात टोमणा मारला की समोरचा उलट टोमणा मारतो आणि दोघंही जेवायला जातात. उत्तरेकडे टोमण्याला मुद्दा समजतात.

बाईंच्या हातातली पेन्सिल थांबली. त्या नकाशाकडे बघत राहिल्या, मग आज्याकडे, मग परत नकाशाकडे. त्यांचे कान लाल झाले.

"बरोबर आहे," त्या हळूच म्हणाल्या. "चुकलंच माझं. वीस वर्षांत अशी चूक नाही झाली."

त्यांनी चाळीसच्या चाळीस तक्ते फाडले. डांबर झालं दोन, बुचं तीन, झाकण चार. आणि क्रमांक एकचा बिल्ला त्यांनी दोऱ्याने आज्याच्या जाकिटाच्या वरच्या बटणाला बांधला.

तक्ता भरायला सगळी गल्ली जमली.

"रंग?" बाई स्वतःशीच म्हणाल्या, आणि एक रंगांची पट्टी आज्याच्या गालाशी धरली. "फिकट तपकिरी. वरच्या बाजूला राखाडी. घट्टपणा?" त्यांनी थापीच्या मुठीने आज्याच्या पोटावर टकटक केलं. "मऊ ते मध्यम."

"मऊ?" आजा म्हणाला. "मी सैन्यात होतो!"

"नैसर्गिकरीत्या साचलेला की माणसाने मुद्दाम टाकलेला?"

"साचलेला," मावशी म्हणाली. "पोस्टातून रिटायर झाल्यापासून."

"आतले घटक?"

"दोन कॉफ्या, एक गोड पाव, ब्लडप्रेशरची गोळी."

बाईंनी लिहिलं: सेंद्रिय, तुरळक.

"आता काळ," त्या म्हणाल्या. "खिशात काही नाणी आहेत?"

आज्याने उजव्या खिशातून एक नाणं काढलं. बाईंनी भिंगातून पाहिलं. "दोन हजार दोन. म्हणजे हा थर दोन हजार दोनच्या आधीचा असू शकत नाही."

"मी एक्केचाळीस साली जन्मलो!"

"तोंडी पुरावा धरत नाहीत, आजोबा."

"हे घ्या मग!" आज्याने डाव्या खिशातून जुनी शंभर लिऱ्यांची दमडी काढून आपटली. "हे बघा, पंचावन्न सालची!"

"ही जुन्या थरातून वर मिसळून आलेली असणार," बाई म्हणाल्या. "असं होतं." आणि त्यांनी लिहिलं: दोन हजार दोन किंवा नंतर. माझा आजा माझ्याहून जेमतेम सात वर्षांनी मोठा ठरला.

पण त्या कागदाने कमाल केली. आठवड्याभराने पालिकेचा माणूस घर खाली करायची नोटीस घेऊन आला. आज्याने नुसतं जाकिटावरचं बटण दाखवलं. नोंद झालेली वस्तू खात्याच्या परवानगीशिवाय जो हलवेल त्याला सहा महिन्यांची सक्तमजुरी. त्या माणसाने नोटीस घडी करून परत खिशात घातली आणि आज्याला सलाम केला. त्या दिवशी मावशीने सगळ्यांना फुकट कॉफी पाजली. माझ्या पाठीवर तर इतक्या थापा पडल्या की पाठ दुखली. इंजिनिअर तारांतो कोपऱ्यात उभा होता. तोसुद्धा म्हणाला, "पोरगं शाळेत गेलं असतं तर वकील झालं असतं."

आजा खुर्चीत राजासारखा बसला होता. मीही खूश होतो. मूर्ख होतो.

कारण आता बाईंपुढे एक पेच आला. पद्धतीप्रमाणे क्रमांक एक काढल्याशिवाय त्याच्याखालचं काही काढता येत नाही. आणि क्रमांक एक काढायला खात्याची परवानगी लागते. खात्याने कळवलं, 'अर्ज विचाराधीन आहे.' मग बाईंनी पुस्तकात बघून मार्ग काढला. क्रमांक एकच्या खालचा भाग जसाच्या तसा ठेवायचा आणि बाजूने खणत जायचं.

तर चौक खाली जायला लागला आणि आजा वर राहिला. डांबर निघालं, डांबराखालचे दगड निघाले, त्याखाली जुन्या विहिरीचा गाळ, मग राखेचा थर. जूनपर्यंत आजा दीड मीटर उंच मातीच्या खांबावर होता. जुलैत दोन. खांब वरून खुर्चीच्या पायांएवढाच रुंद, चारी बाजू सरळ कापलेल्या, आणि बाजूंवर नंबरांचे बिल्ले खिळ्यांनी लावलेले, जसे केकवर बदामाचे काप लावतात. जेवण मावशी आपल्या गॅलरीतून टोपलीत घालून दोरीने सोडायची. पूर्वी टोपली खाली सोडायची, आता आडवी झुलवायला लागायची. दोनदा पास्ता मजुरांच्या डोक्यावर पडला. त्यालाही नंबर मिळाला.

खाली उतरायचं असेल तर 'तात्पुरत्या विस्थापनाचा' अर्ज. सकाळी दिला की संध्याकाळी मंजूर. माणसाचं पोट इतकं नियमाने चालत नाही. शेवटी बाईंनीच दया येऊन दिवसाला चार मंजुऱ्या आधीच सह्या करून ठेवल्या. शिडी लागायची, आजा न्हाव्याकडे जाऊन यायचा, आणि पुन्हा त्याला मोजपट्टीने मोजून होता त्याच जागी बसवायचे. नाकाची दिशा ईशान्य.

"ठीक आहेस ना, आजोबा?" मी खालून ओरडायचो.

"वारा छान येतो," तो म्हणायचा. पहिला महिनाभर.

ऑगस्टच्या दहा तारखेला रोमन रस्ता लागला. अडीच मीटर खाली, काळ्या दगडांचा. बाई पोटावर झोपून ब्रशने साफ करत होत्या. अचानक त्यांनी मजुरांना हात करून थांबवलं. आज्याच्या खांबाच्या बुडातून एक पांढरी फरशी अर्धी बाहेर आली होती. तिच्यावर अक्षरं कोरलेली. आणि अक्षरांच्या खाली चार गोल खड्डे, चौकोनात, जणू एखाद्या खुर्चीचे पाय वर्षानुवर्षं एकाच जागी घासून पडलेत. चारातला एक खड्डा बाकीच्या तिघांपेक्षा उथळ.

बाईंनी वर पाहिलं. खुर्चीच्या आखूड पायाखालचं सिगारेटचं पाकीट पाहिलं. पुन्हा खाली पाहिलं.

"वाचा ना, बाई!" मावशी गॅलरीतून ओरडली.

"'ही जागा लुकियुसची,'" बाईंनी वाचलं. "'येथे कोणीही...' पुढचं खांबाखाली आहे. काय असेल बरं पुढे?"

"लावू नये!" सगळा चौक एका सुरात म्हणाला.

बाई उठून बसल्या. त्यांच्या नाकाला माती लागली होती. "या रस्त्यावर सगळीकडे गाड्यांच्या चाकांच्या खोल घळी आहेत," त्या म्हणाल्या. "एवढी जागा सोडून. इथे एकही घळ नाही. म्हणजे या लुकियुसकडे..."

"गाडीच नव्हती," मी म्हणालो.

इंजिनिअर तारांतोने डोक्यावरची टोपी काढली.

एक आजाच चिडला. "कोण हा लुकियुस? मला न विचारता?"

"एकोणीसशे वर्षांपूर्वीचा आहे, आजोबा!"

"असेना! एवढी वर्षं जागा सोडून गेला, की गेली. त्याला म्हणावं, आता मी आहे!"

"हेच!" बाई ओरडल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "हेच लिहायचंय मला!"

आणि लिहिलं. एकशे साठ पानं. अकरा जणांची समिती राजधानीतून आली. अकराही जणांनी शिडीवर चढून आज्याला जवळून पाहिलं, एकाने हात लावला तेव्हा दुसऱ्याने त्याला हटकलं. समितीचा निष्कर्ष मला पाठ आहे: 'वाहनाच्या अनुपस्थितीत वाहनाकरिता जागा राखून ठेवण्याची परंपरा सदर स्थळी एकोणीस शतके अखंड चालू असल्याचे दिसून येते. सबब क्रमांक एक, त्याची खुर्ची, खालील खांब व फरशी हे एकच स्मारक समजण्यात यावे. स्मारकाच्या चहूबाजूंनी बारा मीटरपर्यंत कोणतेही बांधकाम करू नये.'

आमचा चौक एकूण पंचवीस मीटर रुंद आहे. इंजिनिअरने वाहनतळाचा नकाशा पुन्हा काढला. दोनशे बारा गाड्यांची उरली एक. कोपऱ्यात, न्हाव्याच्या दारापाशी. त्या जागेवर त्याने तिथल्या तिथे खुर्ची ठेवली.

घरं वाचली. चौथा मजला टळला. लोकांनी पेढे वाटावेत असा दिवस होता. पण मला आज्याचा चेहरा दिसत होता, कारण खालून वर बघायची मला सवय झाली होती.

रोज दुपारी चारला मावशीच्या दुकानाबाहेरच्या टेबलावर पत्ते रंगतात. चार म्हातारे. आजा त्यातला एक, भिंतीकडे पाठ करून बसणारा. तो खांबावर गेल्यापासून तिघांनी त्याची तिथली खुर्ची रिकामी ठेवली होती. तिघांत खेळायचे, रडत रडत. सप्टेंबरच्या एका दुपारी तिथे आर्मान्दो येऊन बसला, कसायाचा मेव्हणा. भिंतीकडे पाठ करून. आज्याने वरून ते पाहिलं. पत्ता कोण चुकीचा टाकतोय हे वरून सगळं दिसतं, आणि एरवी तो ओरडायचा, त्या दिवशी ओरडला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने वरून मला हाक मारली, "कातेल्लो, मला खाली यायचंय."

"चारपैकी कितवी मंजुरी?"

"मंजुरी नाही रे. यायचंय."

मी बाईंकडे गेलो. नीट बोललो, शप्पथ. "बाई, फरशी मिळाली, अहवाल झाला, घरं वाचली. आता त्याला सोडा."

"अरे, कसं सोडू?" बाई म्हणाल्या. त्या मनाने वाईट नाहीत, हाच तर त्रास आहे. "वस्तू तिच्या जागेवरून हलली की तिचा अर्थच जातो. तू आज्याला खाली आणशील, पण मग तो कोण? एक म्हातारा. असे आपल्याकडे लाखो आहेत. त्यांच्यासाठी कोण काय करतं?"



मग चौकात, रोमन रस्त्याच्या वीतभर वर, काच बसली. लोकांना चालता यावं आणि खालचा रस्ता दिसावा म्हणून. मधोमध खांबावर आजा, भोवती दोरी. बसायला बाकं. तिकीटघर. रांगा. एक बाई मुलाला सांगत होती, "बघ, खरा आहे हं, मेणाचा नाही." मुलाने खांबावर टकटक केलं. आज्याने त्याला आमच्याकडच्या पद्धतीने हात हलवून एक खूण केली. ती खूण तिकिटाच्या मागे छापली आहे.

आणि ऑक्टोबरात जतन विभागाचा अहवाल आला: 'क्रमांक एकच्या दर्शनी भागाचा रंग उन्हामुळे बदलला आहे. हातांवर बारीक तडे आढळले. उजव्या गुडघ्यातून आवाज येतो. रात्री तापमान घटल्यास ओल शिरण्याचा धोका संभवतो.' त्यावर बैठक भरली. आज्याच्या गुडघ्यावर दीड तास चर्चा झाली, आणि त्या दीड तासात आजा पावसात बसला होता, कारण छत्री त्याच्या काळाशी विसंगत की सुसंगत हे ठरलं नव्हतं.

मी दोरी ओलांडून बैठकीच्या तंबूत घुसलो.

"भिजतोय तो!" मी ओरडलो. "त्र्याऐंशी वर्षांचा माणूस आहे! तुम्हाला जागा धरायचीय ना? खुर्चीत कुणीतरी हवाय ना? मी बसतो! काढा त्याला खाली!"

पुन्हा तसंच झालं. अकराही पेन्सिली थांबल्या.

"मूळ वस्तू संग्रहालयात," एकजण सावकाश म्हणाला, "आणि जागेवर प्रतिकृती."

"पुतळ्यांच्या बाबतीत आपण हेच करतो," दुसरा म्हणाला.

"पदार्थ तोच हवा."

"तोच आहे. त्याच खाणीतला," बाई म्हणाल्या, आणि रंगाची पट्टी माझ्या गालाशी धरली.

आजा उतरला, ब्लँकेटमध्ये गुंडाळून, खोक्यात भुसा घालून, 'नाजूक' असं लिहून. आता तो संग्रहालयात आहे, दालन सहा. वीस अंश तापमान, गादी, दिव्यावर जाळी. संध्याकाळी दारं बंद झाली की पहारेकरी त्याच्याशी पत्ते खेळतात आणि हरतात. पहिल्या रविवारी मी भेटायला गेलो तेव्हा त्याच्या चौथऱ्याशेजारच्या मोकळ्या चौथऱ्यावर एक छत्री आडवी ठेवलेली होती.

"हे काय, आजोबा?"

"तुझ्यासाठी जागा धरलीय," तो म्हणाला. "इथे चांगलं आहे. पाऊस लागत नाही. एक शिल्पवाला ती जागा मागत होता, त्याला हाकलला."

मी छत्री जरा सरळ केली.

प्रतिकृतीचे नियम असे. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. नाक ईशान्येला. हलायचं नाही. शाळेत तीन वर्षं सगळे मास्तर माझ्यावर ओरडत होते, बस एका जागी. बसलो नाही. अकरा जणांच्या समितीने एकमताने बसवलं. आणि शर्ट मूळ शर्टाहून एक छटा फिका घालायचा, म्हणजे लांबून तोच वाटावा, पण जवळ आल्यावर कुणी फसू नये. त्याची गरज नव्हती. जवळ येऊनही आजवर एकानेही विचारलं नाही, तो म्हातारा कुठे गेला. सगळे एकच विचारतात: "गाडी कुठे लावायची हो?"

तुम्हीही याल. सगळेच येतात. या, बघा, काचेवर उभे राहा, 'किती जिवंत परंपरा' म्हणा. फक्त एक लक्षात ठेवा. परवा एक गृहस्थ आले, पहिल्या रांगेतल्या बाकावर रुमाल टाकला आणि बायकामुलांना आणायला गेले. शेजारी दुसऱ्याने पाण्याची बाटली ठेवली. तिसऱ्याने चप्पल. हसू नका, तुमचाही हात खिशाकडे गेला असता. डॉक्टर लुदोविका लांबून बघत होत्या. मग त्यांनी पेटी उघडली. ते गृहस्थ अजून त्या बाकावर आहेत. बायको मावशीच्या गॅलरीतून टोपलीत घालून डबा सोडते.

नऊला दोन मिनिटं कमी. मावशी कॉफीचा कप उचलायला उभी आहे आणि बाई शिडी धरून उभ्या आहेत. मला आता जायला हवं.